भाषेचा झ्वाइग की विज्ञानाचा? सातवीतल्या मुलीच्या आईला उत्तर

प्रश्न असा आहे: "आम्ही जर्मनीत, बव्हेरियात, एर्लांगेनजवळ राहतो. नवरा-बायको दोघं इंजिनिअर. मुलगी गिम्नाझियममध्ये (विद्यापीठाकडे नेणारी शाळा) सातवीत आहे. पाचवीपासून इंग्रजी, सहावीपासून लॅटिन. आठवीपासून शाळेत दोन शाखा ('झ्वाइग') होतात, एक भाषेची आणि एक विज्ञान-तंत्रज्ञानाची, आणि फॉर्म लवकरच भरून द्यायचा आहे. तिला स्पॅनिश शिकायची आहे म्हणून भाषेची शाखा हवी. आम्हाला वाटतं विज्ञान घ्यावं, पुढे इंजिनिअरिंग किंवा मेडिकलचं दार बंद व्हायला नको. गणितात आणि लॅटिनमध्ये २ आहे (इथे १ सगळ्यात चांगला, ६ सगळ्यात वाईट), जर्मनमध्ये मात्र ३, कधी ४. धाकटा तिसरीत आहे, त्याच्यासाठी आत्तापासून काय करावं?"

ताई, दार बंद होत नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. आणि तुमच्या प्रश्नात मला काळजी वाटली ती स्पॅनिशची नाही. "जर्मनमध्ये ३, कधी ४" हे तुम्ही जाता जाता लिहिलंय ना, खरा विषय तो आहे. त्याच्याकडे येते.

मी बव्हेरियातल्या एका सरकारी गिम्नाझियममध्ये चौदा वर्षं रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी शाखा निवडायच्या आधी पालकांसाठी माहितीची संध्याकाळ असते. हॉलमध्ये खुर्च्या मांडतात, मुख्याध्यापक तक्ते दाखवतात, प्रश्न विचारा म्हटल्यावर कुणी विचारत नाही, आणि कार्यक्रम संपल्यावर कोट घालता घालता आपली माणसं मला बाजूला घेतात. मराठी, तेलुगू, तमिळ, चिनी, सगळ्यांचा प्रश्न एकच, तुमचाच.

आधी शाखा म्हणजे नेमकं काय ते बघू, कारण नावावरून जेवढा फरक वाटतो तेवढा तो नसतो. सातवीपर्यंत सगळ्यांचं सारखं. पाचवी ते सातवी 'नाटुर उंट टेक्निक' नावाचा एकच विषय असतो, त्यात जीवशास्त्र, प्रयोग करायची पद्धत, संगणक आणि सातवीत भौतिकशास्त्र. आठवीत फाटा फुटतो. भाषेच्या शाखेत तिसरी परकीय भाषा सुरू होते. विज्ञानाच्या शाखेत तिसरी भाषा नाही, त्याऐवजी रसायनशास्त्र आठवीतच सुरू होतं आणि नववीपासून इन्फॉर्माटिक, म्हणजे संगणकशास्त्र. भाषेच्या शाखेत रसायनशास्त्र नववीत येतं आणि इन्फॉर्माटिक अकरावीत. गणित, जर्मन, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र दोन्हीकडे आहेच. म्हणजे भाषेची मुलगी विज्ञान सोडत नाही, रसायनशास्त्र एक वर्ष आणि इन्फॉर्माटिक दोन वर्षं उशिरा सुरू करते. आणि विज्ञानाची मुलगी भाषा सोडत नाही, तिच्याकडे इंग्रजी आणि लॅटिन राहतंच.

खरा फरक परीक्षांच्या वजनात आहे. विज्ञानाच्या शाखेत रसायनशास्त्र हा मुख्य विषय होतो, त्याच्या 'शूलआउफगाबं' असतात, म्हणजे आधी तारीख सांगून घेतलेल्या मोठ्या लेखी परीक्षा. भाषेच्या शाखेत त्या जागी स्पॅनिशच्या शूलआउफगाबं, आणि माझ्या विषयात फक्त तोंडी आणि छोट्या चाचण्या. त्यातली सगळ्यांच्या धसक्याची चाचणी म्हणजे 'एक्स'. न सांगता येते, फार तर वीस मिनिटांची, आणि मागच्या दोन तासांच्या अभ्यासक्रमावर. "आज एक्स लिहितोय का?" असं मुलं वर्गात शिरतानाच माझ्या हातातल्या कागदांकडे बघून विचारतात. कधीकधी हातात नुसती उपहारगृहाची बिलं असतात, पण मी चेहरा तसाच ठेवते.

पुढे बारावी-तेरावीत मुलं पुन्हा नव्याने विषय निवडतात. तिथे प्रत्येकाला किमान एक विज्ञान आणि किमान एक परकीय भाषा चालू ठेवावीच लागते, आणि आठवीत कोणत्या शाखेत होतात यावर तिथली निवड अडत नाही. माझ्याकडे रसायनशास्त्र मुख्य विषय म्हणून घेतलेली मुलं दोन्ही शाखांतून येतात. भाषेकडून आलेली पहिल्या दोन-तीन महिन्यांत मागे असतात, नाताळपर्यंत कुणाची शाखा कोणती होती ते माझ्या लक्षातही राहत नाही.

विद्यापीठाचं म्हणाल तर आबिटूर, म्हणजे गिम्नाझियमची शेवटची परीक्षा, पास झालं की 'सर्वसाधारण विद्यापीठ-पात्रता' मिळते, आणि ती कोणत्याही अभ्यासक्रमाला चालते. इंजिनिअरिंगच्या पुष्कळ जागांना तर गुणांची अटच नसते, नाव नोंदवा आणि बसा, खरी गाळणी पहिल्या वर्षाच्या गणितात होते. मेडिकलला गुण मोजतात: ३० टक्के जागा निव्वळ आबिटूरच्या गुणांवर, ६० टक्के विद्यापीठाच्या स्वतःच्या निकषांवर (त्यातही गुण आहेत, शिवाय वैद्यकीय कल-चाचणी वगैरे) आणि १० टक्के गुणांखेरीजच्या पात्रतेवर. शाखा कुणी विचारत नाही. आणि हो, डॉक्टर व्हायला लॅटिन सक्तीचं आहे ही जुनी दंतकथा आहे, आपल्याच नाही, जर्मन पालकांतही फिरते.

आबिटूरचे गुण म्हणजे ९०० पैकी. त्यातले ६०० शेवटच्या दोन वर्षांच्या कामाचे, ३०० अंतिम परीक्षांचे. ३०० ला पास, ८२३ पासून पुढे सरळ १.०. हे आकडे मुद्दाम सांगते, कारण यात एक गोष्ट लपलेली आहे: हे गुण सगळ्या विषयांतून गोळा होतात. ज्या विषयात मूल रमतं तिथे ते १५ पैकी १३-१४ गुण सहज आणतं, आणि ज्यात ओढूनताणून बसवलंय तिथे सात. मेडिकलसाठी म्हणून नावडती शाखा लादली आणि तिने गुणच खाली ओढले, असं मी डोळ्यांनी बघितलंय.

आपला गोंधळ कुठून येतो ते मला कळतं. मी डोंबिवलीची. दहावीनंतर सायन्स, कॉमर्स, आर्ट्स. एकदा सायन्स सोडलं की परतीची गाडी नाही. त्यातही हुशार मुलगा बायफोकल घेणार, म्हणजे दुसरी भाषा टाकून इलेक्ट्रॉनिक्स नाहीतर कॉम्प्युटर सायन्स. संस्कृत किंवा जर्मन घ्यायची ती स्कोअरिंग म्हणून. भाषा ही टक्केवारी वाढवायची वस्तू, विज्ञान हे आयुष्य, हे इतकं खोल भिनलेलं असतं की 'भाषेची शाखा' ऐकलं की आपल्या कानाला आपोआप 'आर्ट्स' ऐकू येतं. इथे तसं नाही, आणि याचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत प्रतिष्ठा होती ती लॅटिन आणि ग्रीक शिकवणाऱ्या गिम्नाझियमची. विद्यापीठाचं दार तिथूनच उघडायचं. विज्ञान आणि आधुनिक भाषा शिकवणाऱ्या शाळा निघाल्या, त्यांना 'रेआल' म्हणायचे, म्हणजे व्यवहारातल्या, वस्तुनिष्ठ ज्ञानाच्या. पण त्या दुय्यम मानल्या जात. लॅटिन असलेलं रेआलगिम्नाझियम निदान मधल्या पायरीवर, आणि लॅटिन नसलेलं ओबररेआलशूल सगळ्यात खाली. प्रशियात १९०० साली कैसर विल्हेल्म दुसरा याने हुकूम काढून तिन्हींना सारखा दर्जा दिला, तेव्हा कुठे नुसतं विज्ञान आणि आधुनिक भाषा शिकलेल्या मुलाला इतरांच्या बरोबरीने विद्यापीठात जाता आलं. म्हणजे इथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आईबाप उलटी काळजी करत होते: पोरगं विज्ञान घेतंय, दार बंद होईल!

म्युनिकचं माक्सिमिलिआन्स-गिम्नाझियम घ्या. पक्कं ग्रीक-लॅटिनवालं. तिथून १८७४ मध्ये माक्स प्लांक बाहेर पडला आणि १९२० मध्ये वेर्नर हायझेनबेर्ग. पुंज-भौतिकीचा जनक आणि त्या विषयाला गणिताची चौकट देणारा, दोघं एकाच शाळेचे, आणि ती शाळा भाषांची. हायझेनबेर्गचे आजोबा तर तिथेच मुख्याध्यापक होते, ग्रीकचे पंडित. १९१९ च्या धामधुमीत, सतरा वर्षांचा असताना, हा मुलगा गच्चीवर बसून प्लेटो मूळ ग्रीकमध्ये वाचत होता आणि त्यातल्या अणूंच्या त्रिकोणांवर वैतागत होता. आता याच म्युनिकात आइनस्टाइन लुइटपोल्ड-गिम्नाझियममध्ये होता, त्याला तिथली शिस्त सोसली नाही आणि १८९४ च्या अखेरीस तो शाळा अर्धी टाकून गेला, हेही खरं. तेव्हा यातून 'ग्रीक घ्या, नोबेल मिळेल' असा निष्कर्ष काढू नका. एवढंच, की भाषा शिकल्याने भौतिकशास्त्र जात नाही.

आता जर्मनमधल्या ३-४ कडे.

मागच्या वर्षी आठवीला मी एक एक्स दिली होती. प्रयोग साधा: चंचुपात्रात पाणी, त्यात साखरेचा खडा, ढवळायचं नाही, बघत बसायचं. पहिला प्रश्न होता 'बेश्राइबं', म्हणजे काय दिसतं त्याचं वर्णन कर. दुसरा 'एर्क्लेरं', म्हणजे कणांच्या पातळीवर स्पष्टीकरण दे. माझ्या वर्गातल्या एका भारतीय मुलाने, अत्यंत हुशार, गणितात कायम १, पहिल्या प्रश्नाला लिहिलं: "साखरेचे कण पाण्याच्या कणांत मिसळतात." दुसऱ्याला लिहिलं: "विरघळते." पहिल्याला शून्य, दुसऱ्याला शून्य.

घरून आईचा फोन आला, मुलाला सगळं येत होतं. येत होतंच. पण कण कुणाला दिसतात का? दिसतो तो खडा लहान होताना, त्याच्या कडा गोल होताना, त्याच्याभोवती पाण्यात तरळणाऱ्या रेघा, आणि शेवटी स्वच्छ पारदर्शक द्रव. हे वर्णन. पदार्थाची पातळी वेगळी आणि कणांची पातळी वेगळी, हे इथल्या रसायनशास्त्राचं पहिलं सोवळं आहे आणि ते मोडलं की मार्क गेले. स्पष्टीकरणात मग पाण्याचे कण सतत हलत असतात, ते साखरेच्या कणांच्या मधे शिरतात, साखरेच्या कणांमधलं आकर्षण सुटतं, ते पाण्यात सगळीकडे विखुरतात, म्हणून खडा दिसेनासा होतो. 'म्हणून' हा शब्द नसेल तर ते स्पष्टीकरणच नाही. मी कागदावर लाल पेनाने पुष्कळदा एकच शब्द लिहिते: 'वारूम?', म्हणजे 'का?'

या आज्ञार्थी क्रियापदांना इथे 'ओपेराटोरेन' म्हणतात: वर्णन कर, स्पष्ट कर, कारण दे, तुलना कर, मत मांड. प्रत्येकाचा अर्थ ठरलेला असतो, यादी शाळा देते, आणि ती यादी वहीत चिकटवून मुलं विसरून जातात. आपल्याकडे 'कारणे द्या', 'फरक स्पष्ट करा' हे आपण पाठ केलेल्या वाक्यांनी भागवायचो. इथे मी प्रयोग नवा देते, पाठ केलेलं उपयोगी पडत नाही, वाक्य मुलालाच घडवावं लागतं. त्यामुळे तुमच्या मुलीने विज्ञान घेतलं म्हणून जर्मनपासून सुटका होणार नाही. उलट तेच ३ आणि ४ आता माझ्या विषयातही दिसायला लागतील, आणि तिथे आता शूलआउफगाबंही असतील. "भाषा कच्ची आहे म्हणून विज्ञान देतो" हा आपल्या पालकांचा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात चुकीचा हिशोब आहे.

मी हे शहाणपणाने सांगत नाहीये, भोगून सांगतेय. शिक्षकी पेशाच्या प्रशिक्षणाची दोन वर्षं असतात, त्यात मागच्या बाकावर परीक्षक बसलेले असताना मी आठवीला आम्लं शिकवत होते. मराठीत आम्ल म्हणजे ते आम्ल, नपुंसकलिंगी. डोक्यात मराठी चालू होती आणि मी ठणकावून 'दास झॉयरं' म्हणाले. जर्मनमध्ये ती स्त्रीलिंगी आहे, 'दी झॉयरं'. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर करून, अगदी नम्रपणे, मला दुरुस्त केलं. मी "धन्यवाद" म्हटलं, फळ्यावर मोठ्या अक्षरात 'दी' लिहिलं, पुढे गेले. तो तास पास झाला. पण त्या रात्री बसून माझ्या विषयातली दोनशे-अडीचशे नामं लिंगासकट पुन्हा लिहून काढली, तीन रंगांच्या पेनांनी. ती वही अजून आहे.

मुलीचं काय करायचं? व्याकरणाची शिकवणी लावू नका, निदान आधी नको. ती इथेच वाढली असेल तर तिचं बोलणं उत्तमच असणार. कच्ची असते ती लिहिण्याची, शाळेची जर्मन. रोज दहा मिनिटं एक काम: घरात घडणारी एखादी गोष्ट चार वाक्यांत लिहायची, आधी फक्त दिसलं ते, मग का झालं ते. चहाच्या झाकणाखाली थेंब का जमतात. डोशाचं पीठ रात्रीतून का फुगतं (हे तर माझ्या जर्मन विद्यार्थ्यांना सुचणारच नाही). आणि कारण आधी मराठीत सांगायला लावा. माझा अनुभव असा की ज्या मुलाला घरच्या भाषेत 'त्यामुळे', 'तरीसुद्धा', 'जितकं… तितकं' असं सलग बोलता येतं, त्याला जर्मनमध्ये ते जुळवायला वेळ लागत नाही. आमच्या प्रयोगवहीतलं सगळ्यात कामाचं वाक्य 'ये… देस्तो…' हेच, म्हणजे आपलं 'जितकं… तितकं': पाणी जितकं गरम, तितकी साखर लवकर विरघळते. फक्त एक खाच आहे, 'देस्तो' आणि त्याच्या पुढच्या शब्दानंतर लगेच क्रियापद यायला हवं, आणि आपली मुलं ते मराठीसारखं शेवटी ढकलतात. घरी जर्मन बोला असं काही शिक्षक पालकांना सांगतात. तुमची मोडकी जर्मन ऐकून तिची सुधारणार नाही. मराठीच बोला, पण पूर्ण वाक्यात बोला.

आता स्पॅनिश. इथे मी तुमच्या मुलीच्या बाजूने आहे, आणि कारण तिचं लॅटिन आहे. लॅटिनमध्ये २ म्हणजे दोन गोष्टी कळतात: ती रोज शब्द पाठ करते आणि वाक्याची मोडणी करून बघायचा तिला कंटाळा नाही. ज्याला विभक्त्या समजतात त्याला लॅटिन परकं वाटत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये लॅटिनचे एक सर होते, त्यांना मी एकदा रामः रामौ रामाः म्हणून दाखवलं, तर ते चहा सोडून वही घेऊन आले. पितृ-पातेर, मातृ-मातेर, सप्त-सेप्तेम, अग्नी-इग्निस. आठ विभक्त्यांपैकी त्यांच्याकडे सहा उरल्यात एवढंच. हे नातं पद्धतशीर मांडणारा फ्रान्स बोप हा याच बव्हेरियातल्या आशाफेनबुर्गमध्ये वाढलेला. १८१६ मध्ये त्याने संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मन क्रियापदांची रूपं शेजारी ठेवून पुस्तक छापलं आणि तुलनात्मक भाषाशास्त्र सुरू झालं. मुलीला सांगा, तिला आवडेल.

लॅटिन येत असेल तर स्पॅनिशचे निम्मे शब्द ओळखीचे निघतात. लॅटिन 'फिलिउस' तिकडे 'इहो' होतो, 'फाकेरे' चं 'आसेर'. सुरुवातीच्या फ चा ह झाला आणि तो ह पुढे मुका झाला, एवढा नियम कळला की डझनभर शब्द फुकट. पण तिला एक खरं सांगून ठेवा: स्पॅनिश म्हणजे सुट्टीतली भाषा नव्हे. तीन भाषांचे शब्द रोज, म्हणजे तीन वह्या नाहीतर फोनवर तीन याद्या, आणि ऑक्टोबर ते जुलै एका पाठोपाठ एक शूलआउफगाबं. मैत्रिणी चालल्यात म्हणून किंवा बाई गोड आहेत म्हणून घेतली तर नववीत रडू येतं. बाई बदलतात. तिला विचारा, आत्ता लॅटिनचे शब्द ती कधी करते? रोज थोडे, की परीक्षेच्या आदल्या रात्री साठ? साठवाली असेल तर तिसरी भाषा तिला झेपणार नाही, तिथे मी विज्ञानच म्हणेन.

आणि विज्ञानाच्या शाखेतही एक भ्रम असतो. अवकाशाचे व्हिडिओ बघणं म्हणजे विज्ञानाची आवड नव्हे. माझ्या शाखेत जास्तीचे प्रयोगाचे तास असतात. गॉगल लावून, केस बांधून, बर्नर पेटवून काम चालतं, तेव्हा सगळ्यांनाच मजा येते. मग अहवाल येतो: उपकरणांची आकृती पट्टीने, निरीक्षण, स्पष्टीकरण, चुका कुठे झाल्या असतील. ज्या मुलाला प्रयोग फसल्यावर "पुन्हा करून बघू का?" असं विचारावंसं वाटतं, त्याच्यासाठी ही शाखा आहे. तुमची मुलगी घरी काही उघडून बघते का? मिक्सर, खेळणी, कुलूप? तुम्ही दोघांनी तिचे गुण लिहिलेत, 'ती हे करते' असं विज्ञानाबद्दल एकही वाक्य लिहिलेलं नाही. स्पॅनिशबद्दल मात्र लिहिलंय.

तरी हुरहुर असेल तर: 'युगेंड फोर्श्ट' नावाची मुलांची विज्ञान स्पर्धा १९६५ पासून चालू आहे, लहान मुलांसाठी तिचा वेगळा गट असतो, आणि त्यात शाखेची अट नाही. शाळेत त्यासाठीचा दुपारचा गट असतोच बहुधा. भाषेच्या शाखेतल्या माझ्या दोन मुली तिथे शेवाळावर काम करत होत्या, बघण्यासारखं काम.

फॉर्म भरण्याआधी शाळेत दोन गोष्टी विचारून घ्या. पहिली, स्पॅनिशचा वर्ग नक्की भरतो का. मुलं कमी पडली तर तो गट निघतच नाही, आणि मग दुसऱ्या पसंतीची भाषा पदरात पडते. दुसरी, अकरावीत 'उशिरा सुरू होणारी भाषा' म्हणून स्पॅनिश आहे का. असेल तर तुमच्या भांडणाला तिसरी वाट आहे: आत्ता विज्ञान, अकरावीत लॅटिन सोडून स्पॅनिश. मात्र ती मग तेरावी संपेपर्यंत सोडता येत नाही, आणि आठवीपासून शिकलेल्या मुलीइतकी ती मुरत नाही. मध्येच शाखा बदलायची म्हटली तर भाषेकडून विज्ञानाकडे येणं त्यातल्या त्यात सोपं, रसायनशास्त्राचं एक वर्ष भरून काढायचं असतं, सुट्टीत होऊन जातं. उलटं जायचं तर एक अख्खी भाषा मागे पडलेली असते. मला विचाराल तर ही एकच गोष्ट तिच्या बाजूने निकाल लावायला पुरे आहे.

एक धोक्याची खूण तेवढी लक्षात ठेवा. वार्षिक निकालात एखाद्या विषयात ६, किंवा दोन विषयांत ५ आले तर वर्ग अडकतो. पुढे सूट आणि फेरपरीक्षेच्या वाटा आहेत, पण तिथपर्यंत जाऊ देऊ नका. जर्मन ४ वर आणि नवा मुख्य विषय डळमळीत, अशी स्थिती आठवीच्या पहिल्या सहामाहीत दिसली तर लाजू नका, वर्गशिक्षकांच्या भेटीच्या वेळेत जा. मोठ्या वर्गातली मुलं धाकट्यांना थोड्या पैशांत शिकवतात, शाळाच जोडून देते, आणि बाहेरच्या क्लासपेक्षा ते बरं पडतं, कारण त्यांनी त्याच बाईंच्या एक्स लिहिलेल्या असतात.

धाकट्याचं थोडक्यात, कारण तिसरीत फार करू नये. बव्हेरियात चौथीच्या मे महिन्यात प्रमाणपत्र मिळतं. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तिघांची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम, २.६६ पर्यंत रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची शाळा. २.३३ च्या वर गेली आणि तरी गिम्नाझियम हवं असेल तर तिथे तीन दिवसांची जर्मन-गणिताची चाचणी देता येते. ज्यांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी मुलं पहिलीपासून इथल्या शाळेत नव्हती, त्यांना ३.३३ पर्यंत सवलत मिळू शकते, पण गुण भाषेमुळेच कमी पडलेत आणि ती उणीव भरून निघेल असं शाळेला वाटायला हवं. तुम्ही तो दुसरीत असताना आला असाल तर हे नक्की विचारा, पुष्कळांना माहीत नसतं. आणि रेआलशूल लागली तर घरात सुतक पाळू नका. तिथून दहावी, मग फाखओबरशूल, आणि बारावी-तेरावीनंतर इंजिनिअरिंग. माझ्या ओळखीत अशी वाट धरलेली आपली तीन मुलं आहेत, तिघंही मजेत.

तीन विषयांत आपली मुलं गणितात तरतात, जर्मनचा अभ्यास करतात, आणि परिसर अभ्यास म्हणजे काय सोपंच म्हणून सोडून देतात. सरासरीत त्याचं वजन बाकी दोघांएवढंच आहे आणि तोही अख्खा भाषेत आहे: नकाशा, पाण्याचं चक्र, गावची नगरपालिका, वाहतुकीचे नियम. चौथीत पोलिसांसोबत सायकलची परीक्षा असते, सायकलच्या भागांची नावं लिहावी लागतात. या रविवारी त्याची सायकल उलटी करून अंगणात ठेवा आणि सगळ्या भागांची नावं त्यालाच तुम्हाला शिकवू द्या. चाकातल्या चमकणाऱ्या पट्टीला इथे 'मांजराचा डोळा' म्हणतात, काट्सेनआउगं. हे नाव मलाही माझ्या मुलानेच सांगितलं होतं.